बैलाला दाखला मिळतो, ट्रॉलीला का नाही? खान्देशातील बाजार समित्यांना खुले पत्र

प्रति,
सभापती, संचालक मंडळ आणि सचिव,
कृषी उत्पन्न बाजार समित्या,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे.

विषय: जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या खासगी खरेदीत चोरीचा माल शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नये, यासाठी बाजाराच्या आवारात नोंद व पडताळणीची सोय करण्याबाबत.

महोदय,

गेल्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी मी आपल्यापैकी एका समितीच्या गुरांच्या बाजारातून निमाडी बैलांची जोडी ८५ हजार रुपयांना घेतली. सौदा ठरल्यावर विकणाऱ्याला आणि मला खिडकीपाशी उभे करण्यात आले आणि आपल्या कर्मचाऱ्याने पावतीपुस्तकात लिहायला घेतले: एक बैल तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका, शिंगे मागे वळलेली, शेपटीचा गोंडा काळा, दुसरा तांबूस, पोटाखाली पांढरे डाग, उजव्या शिंगाचे टोक झिजलेले. मग कानांतल्या पिवळ्या बिल्ल्यांवरचे बारा-बारा अंक उतरवून घेतले गेले, दोघांची गावे लिहिली, रक्कम लिहिली, सह्या झाल्या आणि पावती माझ्या हातात पडली. सगळे मिळून दहा मिनिटे लागली असतील. वाटेत कोणी अडवले तर हा कागद दाखवायचा, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. माझ्या आजोबांच्या काळापासून आमच्या घरात बैलाचा दाखला पत्र्याच्या डब्यात, शेताच्या उताऱ्यांसोबत ठेवला जातो.

त्याच बाजाराच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, त्याआधीच्या दिवाळीत मी जुन्या हायड्रॉलिक ट्रॉलीचा सौदा केला होता. ती या जोडीपेक्षा ३० हजारांनी महाग होती, १ लाख १५ हजारांची, आणि तिचे वर्णन मात्र कोणीही कुठेही लिहून घेतले नाही. पाच महिन्यांनी ती चोरीची निघाली. बैलजोडी घ्यायची वेळ आली ती त्यामुळेच, कारण दुसरी ट्रॉली घेण्याइतके पैसे उरले नव्हते आणि शेणखत तर शेतात न्यायचे होते.

हे पत्र मी आपल्याला का लिहितो आहे, पोलिसांना किंवा परिवहन कार्यालयाला का नाही, असा प्रश्न आपल्या मनात येईल. ट्रॉली हा शेतमाल नाही, तिच्या खरेदी-विक्रीचे नियमन आपल्या अधिकारात येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु चोरी झाल्यानंतरचे काम पोलिसांचे असते आणि नाव बदलण्याचे काम परिवहन कार्यालयाचे. सौदा ज्या घटकेला आणि ज्या जागी होतो तिथे या दोघांपैकी कोणीही नसते. तिथे फक्त आपण असता. बाजाराचा दिवस आपला, आवार आपले, आणि घेणारा व विकणारा दोघेही आपलेच खातेदार. जनावराच्या बाबतीत ओळख, खूण आणि कागद यांची सांगड घालण्याची जुनी सवय असलेली आपल्याएवढी दुसरी संस्था आपल्या भागात नाही.

प्रथम माझ्या बाबतीत काय घडले ते सांगतो, आणि त्यात माझी चूक किती ते लपवत नाही.

मका निघाला होता, कापसाची दुसरी वेचणी तोंडावर होती, आणि भाड्याची ट्रॉली वेळेवर मिळत नव्हती. बाजारात एका ओळखीच्या माणसाने त्याच्या ओळखीच्या माणसाशी गाठ घालून दिली. ट्रॉली एका ढाब्याच्या मागे उभी होती. नवा निळा रंग दिलेला होता, इतका नवा की फाळक्याच्या बिजागरीत तो अजून ओलसर चिकटत होता. नवी घ्यायची तर दोन लाखांच्या पुढे जाते आणि तशा स्थितीतली जुनी दीड लाखाच्या खाली सहसा मिळत नाही. हा गृहस्थ १ लाख २० हजारांपासून बोलला आणि पाच हजार लगेच सोडले. कागद विचारले तेव्हा हसून म्हणाला, ‘कागदं घर शेतस, भाऊ’, म्हणजे कागद घरी आहेत. आमच्याकडे ट्रॉलीचे कागद विचारणारा माणूस जरा जास्तच चिकित्सक समजला जातो, त्यामुळे मी पुन्हा विचारले नाही. ५० हजार बँकेतून त्याच्या खात्यावर पाठवले, बाकीचे रोख दिले, आणि पाचशेच्या मुद्रांकावर ‘सदर ट्रॉली माझ्या मालकीची असून ती मी राजीखुशीने विकत आहे’ असा मजकूर नोटरीकडून करून घेतला. त्या कागदावर ट्रॉलीचा चेसिस नंबर नव्हता, नोंदणी क्रमांक नव्हता, बनवणाऱ्या वर्कशॉपचे नाव नव्हते. ‘निळ्या रंगाची एक ट्रॉली’ एवढेच होते. आज तो कागद वाचताना वाटते की त्यावर खान्देशातल्या निम्म्या ट्रॉल्या बसतील.

चैत्रात शेजारच्या जिल्ह्यातून पोलीस आले. त्यांच्यासोबत माझ्याच वयाचा एक शेतकरी होता, अंगात मळकी बंडी, पायात गाडीच्या टायरच्या चपला. तो काही न बोलता ट्रॉलीपाशी गेला, पुढच्या दांडीखाली उकिडवा बसला, हातातल्या फडक्याने ग्रीस पुसले आणि पंचांना बोलावले. हूक जिथे दांडीला जोडलेला असतो त्याच्या आतल्या अंगाला वेल्डिंगच्या मण्यांनी उमटवलेली दोन अक्षरे होती, त्याच्या वडिलांच्या नावाची. ट्रॉली बनवून घेतली त्या दिवशी वडिलांनी वर्कशॉपवाल्याकडून ती करून घेतली होती, असे त्याने सांगितले. चोराने चेसिस नंबर ग्राइंडरने घासला होता, नामपट्टीचे रिव्हेट तोडून ती काढली होती, रंग बदलला होता. ग्रीसखालची ती अक्षरे मात्र त्याला दिसली नव्हती. पंचनामा झाला, ट्रॉली मुद्देमाल म्हणून गेली, आणि मी माझ्याच खळ्यात उभा राहून तिच्या चाकांच्या खुणा पाहत राहिलो.

विकणाऱ्याचा मोबाइल तोपर्यंत बंद झाला होता. बँकेतून पाठवलेल्या त्या ५० हजारांमुळे मात्र माझी सुटका झाली, कारण पैसे कोणत्या खात्यावर गेले हे दाखवता आले आणि तपासाला धागाही तोच मिळाला. सगळी रक्कम रोखीने दिली असती तर मी काय सांगितले असते आणि ते कोणी का मानले असते, याचा विचार केला की आजही अस्वस्थ होतो.

या ठिकाणी कायदा काय म्हणतो ते आपल्या संचालकांपैकी प्रत्येकाला माहीत असावे असे मला वाटते, कारण बाजारात फिरणारा सर्वसाधारण समज त्याच्या अगदी उलट आहे. ‘मी पैसे मोजून घेतली, नोटरी केली, म्हणजे ट्रॉली माझी’ असे आपण सगळे मानतो. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, जो मालक नाही आणि ज्याला मालकाने विकण्याचा अधिकार दिलेला नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. चोराचा हक्क शून्य, म्हणून माझाही शून्य. मुद्रांक पाचशेचा असो की पाच हजारांचा. त्याच अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार असणे ही सौद्यातली गृहीत अट आहे आणि ती मोडली तर मला पैसे परत मागता येतात, पण ते कोणाकडून मागायचे हे कलमात लिहिलेले नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या या संहितेत, मालमत्ता चोरीची आहे हे माहीत असताना ‘किंवा तसे मानण्यास कारण असताना’ ती अप्रामाणिकपणे घेणे वा जवळ ठेवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. जुन्या दंड संहितेत हेच ४११ व्या कलमात होते.

त्यातले ‘मानण्यास कारण असताना’ हे शब्द मी अनेक वेळा वाचले. ओला रंग मला दिसला होता. भाव कमी होता हे मला कळत होते. दांडीच्या वरच्या चॅनलवर पंजाएवढा भाग बाकीच्या पत्र्यापेक्षा गुळगुळीत लागत होता, आणि मी त्यावरून हात फिरवलाही होता. यातले एकेक कारण फारसे काही सिद्ध करत नाही, पण तिन्ही एकत्र आल्यावर शहाण्या माणसाने थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, कारण मला ट्रॉली हवी होती.

ट्रॉली चोरणे इतके सोपे का, याचा विचार आपण कधी केला आहे का? तिला इंजिन नाही, किल्ली नाही, कुलूप नाही. ती खळ्यात, बांधावर किंवा गावाच्या वेशीबाहेर उघड्यावर उभी असते. कोणत्याही ट्रॅक्टरचा हूक तिला बसतो आणि एक पिन खाली सोडली की ती त्याच्या मागे निघते. हंगामात रात्री दोन वाजता ट्रॅक्टरचा आवाज आला तर कोणी उठून बाहेर पाहत नाही. कोणाचा तरी मका चालला असेल, केळी भरली असेल, ऊस निघाला असेल, असे म्हणून कूस बदलतो. त्यात आपला भाग दोन राज्यांच्या कडेला वसलेला. रावेरहून निघालेली ट्रॉली उजाडायच्या आत बऱ्हाणपूरच्या पलीकडे असते, शिरपूरची सेंधव्याला, आणि नवापूरला तर राज्याची हद्द रेल्वे स्टेशनातूनच जाते. तिकडची इकडे येणेही तितकेच सोपे आहे.

आणि चोरी झाल्यावर शेतकरी ठाण्यात जाऊन सांगतो तरी काय? मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर धरलेला आहे, म्हणजे ट्रॉलीला ट्रॅक्टरपासून वेगळी, स्वतःची नोंदणी लागते. प्रत्यक्षात गावातल्या किंवा तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये चॅनल आणि पत्रा जोडून बनवलेल्या कितीतरी ट्रॉल्यांची नोंदणी कधी झालेलीच नाही. काहींच्या मागे ट्रॅक्टरचाच नंबर रंगवलेला असतो, काहींच्या मागे फक्त देवाचे नाव. मग तक्रारीत काय लिहिले जाणार? निळी ट्रॉली, दोन चाकी, अंदाजे किंमत इतकी. एनसीआरबीची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, ‘वाहन समन्वय’ नावाची सोय आहे, जिच्यात एखादे वाहन चोरीला गेल्याची नोंद पोलिसांकडे आहे का हे सामान्य नागरिकालाही नोंदणी क्रमांक, चेसिस आणि इंजिन क्रमांक टाकून पाहता येते आणि तसा दाखला काढता येतो. मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर घेताना ही सोय फार उपयोगी आहे, आणि ती न वापरता जुने वाहन घेणाऱ्याने आपले पैसे स्वतःच्या हाताने पाण्यात टाकले असे मी म्हणेन. परंतु जिला कोणताच क्रमांक नाही, त्या ट्रॉलीचे त्यात काय शोधणार? चोराला याची कल्पना आपल्यापेक्षा चांगली आहे.

माझ्याकडून ट्रॉली गेली त्या शेतकऱ्याचीही यात कमी फरफट झाली नाही. त्याच्याकडेही बिल नव्हते. वर्कशॉपवाला वारला होता, त्याच्या मुलाने वह्या ठेवलेल्या नव्हत्या. न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर ट्रॉली परत मिळेपर्यंत ज्येष्ठ उजाडला, आणि तोवर ती ठाण्याच्या आवारात उन्हात उभी राहून एका टायरच्या बाजूला भेगा पडल्या होत्या. मालकी सिद्ध झाली ती वडिलांच्या त्या दोन अक्षरांमुळे आणि ती ज्यांनी पाहिली होती त्या दोन शेजाऱ्यांच्या सांगण्यामुळे. एका बाजूला बिलाशिवाय खरा मालक, दुसऱ्या बाजूला नंबराशिवाय नोटरी केलेला खरेदीदार, आणि मधला तिसरा पैसे घेऊन गेलेला.

आता आपल्याकडे मागणे काय ते सांगतो.

बाजाराच्या दिवशी आवारात एक कोपरा जुनी ट्रॉली, ट्रॅक्टर आणि अवजारे यांच्यासाठी राखून ठेवावा आणि गुरांच्या खिडकीसारखी एक खिडकी तिथे उघडावी. नोंद करणे सक्तीचे करता येणार नाही, हे मान्य आहे. पण ज्याला आपला माल खरा आहे हे दाखवायचे आहे तो विक्रेता स्वतःहून खिडकीशी येईल, आणि जो येणार नाही त्याच्याविषयी घेणाऱ्याला जे समजायचे ते समजेल. पावतीवर दोघांची ओळखपत्रे, मोबाइल क्रमांक आणि फोटो तर असावेतच, पण खरे महत्त्व बैलाच्या दाखल्यासारख्या वर्णनाला आहे: लांबी-रुंदी, चॅनलची जाडी, चाके दोन की चार, जॅक पुढे की मध्ये, फाळके किती, कोणत्या बाजूला पत्रा बदललेला, कुठे ठिगळ मारलेले, नामपट्टी आहे की नाही, चेसिस नंबर वाचता येतो की घासलेला आहे. शिंगाचे झिजलेले टोक लिहिणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्याला हे अवघड नाही.

पण त्याला एक दिवस शिकवावे लागेल, आणि त्यासाठी तालुक्यातल्या एखाद्या जाणत्या फॅब्रिकेटरला बोलवावे. माझी ट्रॉली गेल्यानंतर मी अशाच एका मिस्त्रीकडे जाऊन बसलो आणि त्याने मला एका तासात जे दाखवले ते मला दिवाळीआधी ठाऊक असते तर हे पत्र लिहावे लागले नसते. तो आधी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने दांडी आणि लांब चॅनलचे पुढचे टोक पुसतो, मग तारेच्या ब्रशने रंग खरवडतो. ठोकलेल्या नंबराचे आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे असतील, आणि खाचेत आजूबाजूच्या लोखंडाइतकाच जुना गंज असेल, तर ठीक. त्याच जागी लोखंड थोडे खोलगट आणि चकचकीत असेल, किंवा ब्रश मारल्यावर पुट्टीचे पांढरे चूर्ण निघाले, तर तिथे काहीतरी पुसून टाकलेले आहे. शंका आली की तो चुंबक लावून बघतो; पुट्टी जाड असेल तिथे तो नीट धरत नाही. नामपट्टी असेल तर तो तिच्यावरचे अक्षर वाचायच्या आधी तिचे रिव्हेट बघतो: पट्टी दहा वर्षांची आणि रिव्हेट कालचे, हे जुळत नाही. सगळ्यात शेवटी तो ट्रॉलीखाली झोपून वर बघतो, कारण रंगवणारा वरून रंगवतो आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर जुन्या रंगाचे शिंतोडे राहतात. मूळ रंग लाल निघाला म्हणजे चोरीची असे नव्हे, पण विकणाऱ्याने ‘रंग मूळचाच आहे’ असे सांगितले असेल तर त्याचे पुढचे बोलणे किती ऐकायचे ते ठरवता येते.

नोंदणी असलेल्या ट्रॉलीचे काम तुलनेने सोपे आहे. नोंदणी पुस्तिकेतला क्रमांक चॅनलवरच्या क्रमांकाशी लावून पाहावा, त्यात बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का ते वाचावे, असेल तर कंपनीचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या त्याच बैठकीत घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. मध्य प्रदेश किंवा गुजरातेत नोंदलेले वाहन असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते ‘मागून देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही मागूनच द्यावेत. फाटकाबाहेर जे लोक व्यवसाय म्हणून जुनी वाहने घेऊन उभे असतात त्यांच्याकडे परिवहन विभागाचे अधिकारपत्र आहे का, हे आपल्या कर्मचाऱ्याने विचारायला हरकत नाही. नोंदणीकृत जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

खरी अडचण बिननोंदणीच्या ट्रॉल्यांची आहे. उद्यापासून कागद नसलेली एकही ट्रॉली आवारात येऊ देणार नाही, असे जर आपण ठरवले तर चोराचे काही बिघडणार नाही, तो ढाब्यामागेच उभा राहील. अडेल तो वीस वर्षे प्रामाणिकपणे ट्रॉली वापरून मुलीच्या लग्नासाठी ती विकायला काढणारा शेतकरी. म्हणून माझी सूचना अशी आहे की परिवहन कार्यालयाची तालुक्याच्या ठिकाणी जी शिबिरे होतात त्यांपैकी काही आपल्या आवारात, बाजाराच्या दिवशी व्हावीत यासाठी समितीने पाठपुरावा करावा, आणि तोवर अशा ट्रॉलीच्या पावतीला विकणाऱ्याच्या गावच्या पोलीस पाटलाचे पत्र जोडावे. ट्रॉली या माणसाच्या खळ्यात किती वर्षे उभी आहे हे गावात पोलीस पाटलाइतके कोणाला ठाऊक नसते.

यापुढची सूचना आपल्याला थोडी दूरची वाटेल. माझा भाचा नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये आहे. तिकडे लोक सुट्टीत मोटारीमागे एक चाकांवरचे घर जोडून फिरतात, त्याला कॅरव्हॅन म्हणतात. गंमत अशी की आपल्या ट्रॉलीसारखेच त्यालाही इंजिन नाही, कोणत्याही मोटारीमागे ते जोडता येते, आणि मोटारीसारखी त्याची सरकारी नोंदणी होत नाही. त्यामुळे चोरीचा प्रश्नही आपल्यासारखाच. सरकारची वाट न बघता तिथल्या कॅरव्हॅन उद्योगाने १९९२ पासून स्वतःचे नोंदणी पुस्तक सुरू केले. प्रत्येक नव्या कॅरव्हॅनला १७ अक्षरांचा-अंकांचा क्रमांक मिळतो, तो चेसिसवर असतो आणि खिडक्यांच्या काचांवरही कोरलेला असतो, आणि पुढे तर आतल्या अंगाला इलेक्ट्रॉनिक खूणही बसवू लागले. भाच्याने एका खासगी माणसाकडून जुनी कॅरव्हॅन घेतली तेव्हा तो आधी विकणाऱ्याच्या घरी गेला, चेसिसचा आणि काचांचा क्रमांक एकमेकांशी लावून पाहिला, काही शुल्क भरून तो क्रमांक चोरीच्या किंवा कर्जाच्या नोंदीत आहे का ते विचारले, आणि मगच पैसे दिले. हे त्याने मला फोनवर सांगितले तेव्हा माझी ट्रॉली जाऊन आठवडा झाला होता.

त्या दोन अक्षरांचे काम आणि काचेवरच्या त्या १७ अक्षरांचे काम एकच आहे. तालुक्यातल्या ट्रॉली बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांना आपण एकदा बोलवावे, आणि प्रत्येक नव्या ट्रॉलीवर एकच क्रमांक दोन जागी ठोकायची विनंती करावी: एक उघड, चॅनलवर, दुसरा मालकाला आणि आपल्या नोंदवहीला ठाऊक असलेल्या आतल्या जागी. जुन्या ट्रॉलीसाठी ज्यांना हवे असेल त्यांना बाजाराच्या दिवशी ठोकून द्यावा. आकडे ठोकायच्या लोखंडी ठशांचा संच आणि हातोडा यांचा खर्च समितीला जाणवणारही नाही. आतली जागा पावतीवर लिहू नये, वहीतच ठेवावी, हे सांगायला नको. चोरी झाली की तक्रारीत ‘निळी ट्रॉली’ ऐवजी एक क्रमांक जाईल, आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या समितीच्या खिडकीशी ती ट्रॉली विकायला आली तर तिथला कर्मचारी कुठे बघायचे हे फोन करून विचारू शकेल. त्यासाठी तिन्ही जिल्ह्यांतल्या समित्यांनी एकमेकांशी बोलायला हवे. कापसाच्या आणि कांद्याच्या भावासाठी आपण रोज बोलताच.

काही संचालक म्हणतील की यातून दलाल नाराज होतील. होतील. गुरांच्या बाजारातही पावती आली तेव्हा कोणी ना कोणी नाराज झालेच असणार, आणि २०२४ मध्ये कानात बिल्ला नसलेले जनावर विकता येणार नाही असा शासनाचा नियम आला तेव्हाची कुरकुर तर आपण सगळ्यांनी ऐकली. आज बिल्ला नसलेला बैल मी स्वतः घेणार नाही.

आपल्या पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. मला बोलावल्यास मी माझी फाइल घेऊन येईन: नंबर नसलेला नोटरीचा कागद, पंचनाम्याची प्रत, बँकेचा उतारा, आणि ढाब्यामागे त्या ट्रॉलीसमोर उभा राहून मी मोठ्या कौतुकाने काढलेला फोटो. त्या दुसऱ्या शेतकऱ्याशी माझे बोलणे झाले आहे. त्याची तयारी ट्रॉली घेऊनच येण्याची आहे. दांडीखाली वाकून, ग्रीस पुसून, ती दोन अक्षरे आपण स्वतः पाहावीत.

आपला,
एक शेतकरी,
तालुका पारोळा, जिल्हा जळगाव.